नोट चुकली की चुकवली?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाटावर कोऱ्या नोटा मांडण्याची रीत पुष्कळ घरांत आहे. त्या नोटांना हळदकुंकू वाहतात, फूल वाहतात, हात जोडतात. पण त्यातली एखादी उचलून दिव्यासमोर धरावी, मागेपुढे करून निरखावी, असे फारसे कोणाला वाटत नाही. नोट मोजायची आणि खिशात घालायची, एवढाच तिचा आपला संबंध! तिच्यावरचा आकडा आपण पाहतो, बाकीचे सगळे डोळ्यांआडून निघून जाते.

मी त्या बाबतीत जरा निराळ्या जातीचा मनुष्य आहे. गेली कित्येक वर्षे मला चुकलेल्या नोटा जमवण्याचा नाद आहे. चुकलेली म्हणजे छापखान्यातच जिच्या छपाईत, क्रमांकात किंवा कापणीत काही बिघडले आणि तरीही तपासनिसांच्या नजरेतून निसटून जी बाहेर आली, अशी नोट. हा नाद आहे हे एकदा ओळखीच्या लोकांना कळले, की मग सुटका नाही. आठवड्यातून एकदा तरी कोणी ना कोणी दारात उभे राहते आणि म्हणते, "अहो, ही नोट जरा बघता का? हिचे काही येतील का?" दहांतल्या आठ वेळा मला त्या माणसाला निराश करावे लागते. उरलेल्या दोन वेळांसाठी बाकीच्या आठ वेळांचा चहा मी आनंदाने पाजतो.

हा लेख लिहिण्याचे कारण असे, की अलीकडे या निरुपद्रवी नादाच्या आसपास बरीच लबाडी माजली आहे. घरबसल्या लाखो रुपये मिळवून देणारी नोट तुमच्याच कपाटात आहे, अशा जाहिराती मोबाइलवर येतात. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदीविक्रीत आपले नाव वापरून लोकांकडून पैसे उकळले जात आहेत, असा इशारा खुद्द रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये द्यावा लागला. म्हणून म्हटले, चार गोष्टी साध्या भाषेत सांगाव्यात.

नोट जन्मते कशी?

चूक ओळखायची तर आधी बरोबर काय ते ठाऊक पाहिजे. आपल्याकडे १९२८ पर्यंत नोटा इंग्लंडातून छापून येत. त्या वर्षी नाशिकच्या छापखान्यात त्या छापायला सुरुवात झाली, आणि आजही नाशिक रोडचा तो परिसर नोटांचे माहेर म्हणून प्रसिद्ध आहे. पुढे देवास, म्हैसूर आणि सालबोनी येथेही छापखाने निघाले.

नोटेचा कागद लाकडाच्या लगद्याचा नसतो. तो कापसाचा असतो. म्हणूनच धोतराच्या सोग्यात किंवा खिशात धुतली गेली तरी नोट टिकते. कागद ओला असतानाच त्यात जलचिन्ह उमटते आणि सुरक्षा धागा गुंफला जातो. म्हणजे या दोन गोष्टी छपाईच्या आधीच्या आहेत.

मग कागदाचे मोठे ताव छापखान्यात येतात. एका तावावर पुष्कळ नोटा ओळीने छापल्या जातात. पहिल्यांदा ऑफसेट पद्धतीने पार्श्वभूमीची नाजूक रंगीत नक्षी उठते. त्यानंतर मोठ्या किमतीच्या नोटांवर इंटॅग्लिओ नावाची छपाई होते. तिच्यात खोदलेल्या पत्र्याच्या खाचांत दाट शाई भरतात, वरची शाई पुसून घेतात आणि प्रचंड दाबाखाली कागद त्या खाचांत दाबतात. पाचशेच्या नोटेवरील गांधीजींच्या चित्रावरून नख फिरवले तर जो खडबडीतपणा जाणवतो, तो याच छपाईचा. त्यानंतर नंबरिंग यंत्र क्रमांक टाकते. आणि अगदी शेवटी तावाची कापणी होऊन सुट्या नोटा तयार होतात.

कागद, नक्षी, उठावाची छपाई, क्रमांक, कापणी. वाचकांनी हा क्रम एवढा लक्षात ठेवावा. खऱ्याखोट्याची निम्मी परीक्षा या क्रमातच आहे.

केळ्यावरच्या चिकटपट्टीची गोष्ट

या क्रमाचे महत्त्व पटवणारे सर्वांत गमतीचे उदाहरण अमेरिकेचे आहे. तेथील ओहायो राज्यातील एका विद्यार्थ्याला पैसे देणाऱ्या यंत्रातून वीस डॉलरची एक नोट मिळाली. १९९६ च्या मालिकेतली ती नोट होती, आणि तिच्या दर्शनी बाजूवर डेल मॉन्टे या फळांच्या कंपनीची, केळ्यांवर लावतात तसली, छोटी रंगीत चिकटपट्टी होती! कोणीही म्हणेल, यात काय विशेष? केळे खाल्ले आणि पट्टी नोटेवर डकवली. आमच्या घरातले पोर दिवसातून चार वेळा असले उद्योग करते.

पण निरखून पाहिल्यावर दिसले, की सरकारी मोहोर आणि क्रमांकाचा काही भाग त्या पट्टीच्या वर छापलेला होता. अमेरिकेत आधी नोटेची मागची बाजू छापतात, मग पुढची, आणि मोहोर व क्रमांक सर्वांत शेवटी. तेव्हा पट्टी चिकटली ती दुसऱ्या आणि तिसऱ्या छपाईच्या मध्ये. ही गोष्ट छापखान्याबाहेर घडणे शक्यच नाही! त्या एका पुराव्यावर ती नोट जगप्रसिद्ध झाली आणि जानेवारी २०२१ मध्ये लिलावात ३,९६,००० डॉलरला विकली गेली. पट्टीच्या खाली क्रमांक असता, तर तिची किंमत वीस डॉलरच राहिली असती.

यंत्राच्या चुकीला शिस्त असते

यावरून मी माझ्यापुरता एक नियम बांधला आहे. यंत्र चुकते तेव्हासुद्धा ते आपल्या शिस्तीत चुकते. मनुष्याने केलेली फेरफार मात्र सोयीची असते. जेथे पाहणाऱ्याचे डोळे जातील नेमके तेथेच ती झालेली असते. उदाहरणे घेऊन पाहू.

पहिले उदाहरण वाकड्या कापणीचे. तावावर नोटा एकमेकींना चिकटून असतात. कापणी सरकली तर एका बाजूने नोटेचा जो भाग गेला, त्याच्या विरुद्ध बाजूला शेजारच्या नोटेचा तुकडा किंवा तावाची मोकळी कड आली पाहिजे. जेवढे डावीकडे गमावले तेवढे उजवीकडे कमावले, असा हा सरळ हिशेब आहे. नुसते गमावले आणि कमावले काहीच नाही, तर ती यंत्राची कापणी नव्हे, घरातली कात्री! हल्लीची पाचशेची नोट १५० मिलिमीटर लांब आणि ६६ मिलिमीटर रुंद असते, शंभराची १४२ मिलिमीटर लांब व तेवढीच रुंद. मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी लावली तरी निम्मे लबाड तेथेच उघडे पडतात.

दुसरे उदाहरण जास्तीच्या कागदाचे. छपाई किंवा कापणी होताना तावाचा कोपरा दुमडला, तर नोट सुटी झाल्यावर तो उलगडतो आणि पाखराच्या पंखासारखा बाहेर येतो. अशी नोट हातात आली, तर तो कोपरा पुन्हा त्याच घडीवर दुमडून पाहावा. घडी खरी असेल तर नोटेची कड तंतोतंत सरळ येते. घडी छपाईच्या आधीची असेल, तर त्या घडीत छपाई जेथे तुटलेली दिसत होती तेथे नक्षीच्या रेघाही एकमेकींना मिळतात. चिकटवलेला कोपरा असेल तर त्याच्या सांध्यावर गोंदाची जाडी बोटाला लागते.

तिसरे उदाहरण उलट्या छायेचे. काही नोटांच्या मागच्या बाजूवर पुढचे चित्र आरशातल्यासारखे उलटे उमटलेले दिसते. असे का होते? एखादा ताव यंत्रात जायचा राहतो, पत्र्यावरची ओली शाई दाब देणाऱ्या रुळालाच लागते आणि पुढच्या तावाच्या पाठीवर तिचा ठसा पडतो. खऱ्या चुकीत ही उलटी छाया पुढच्या चित्राच्या बरोबर पाठीमागे येते, रेघेवर रेघ. कारण रूळ आणि पत्रा यांची जागा ठरलेली आहे. दोन ओल्या नोटा एकमेकींवर दाबून उमटवलेली छाया तिरकी बसते, फिकट आणि फिसकटलेली असते.

चौथे उदाहरण क्रमांकाचे. नोटेवर क्रमांक दोन ठिकाणी असतो आणि ते दोन्ही सारखे पाहिजेत. नंबरिंग यंत्राचे एखादे चाक अडकले तर ते वेगळे पडू शकतात. कधी चाक दोन आकड्यांच्या मध्येच थांबते आणि अर्धा तीन व अर्धा चार असा विचित्र आकडा उमटतो. खोटेपणा करणारा काय करतो? एका क्रमांकातल्या तिनाचा आठ करतो, एकाचा चार करतो. दहापट मोठे दाखवणारे भिंग लावले, की जोडलेल्या रेघेची शाई निराळी दिसते. क्रमांकाच्या छपाईत शाई दाबाने कडेला सरकते, त्यामुळे आकड्याची कड थोडी गडद असते. हाताने किंवा संगणकाच्या छपाईयंत्राने काढलेल्या आकड्याला ती कड नसते. उलट बारीक बारीक ठिपके दिसतात. शिवाय २०१५ पासूनच्या नोटांत क्रमांकाचे आकडे डावीकडून उजवीकडे चढत्या आकाराचे होऊ लागले आहेत. एखादा आकडा या चढणीत बसत नसेल, तर तो पाहुणा समजावा.

दोन निराळ्या नोटांचे अर्धे अर्धे तुकडे जोडूनही क्रमांक वेगळे दाखवता येतात. रिझर्व्ह बँकेच्या २००९ च्या नोट परतावा नियमांत अशा जोडनोटेची वेगळी व्याख्याच केलेली आहे. उजेडासमोर धरली की मधला सांधा स्पष्ट दिसतो.

गांधीजींवाचून पाचशे

आता जरा नाजूक प्रकाराकडे वळू, कारण सर्वांत अधिक फसवणूक येथे होते.

नोटाबंदीनंतरच्या घाईत काही सदोष नोटा खरोखरीच बाहेर आल्या. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशेच्या नव्या नोटांत छपाईचे फरक आढळले, तेव्हा घाईमुळे असे झाले असावे, लोकांनी त्या बिनदिक्कत स्वीकाराव्यात किंवा हव्या तर परत कराव्यात, असा खुलासा रिझर्व्ह बँकेकडून झाला. जानेवारी २०१७ मध्ये मध्य प्रदेशातील श्योपूर जिल्ह्यात शेतकऱ्यांना गांधीजींचे चित्रच नसलेल्या दोन हजारांच्या नोटा मिळाल्या. त्या नोटा खऱ्या आहेत, छपाई मात्र चुकली आहे, असे बँकेने सांगितले. ही बातमी देशभर गेली, आणि तेव्हापासून गांधीजी नसलेल्या नोटांना बाजारात जणू पंख फुटले.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त मास्तर राहतात. एका रविवारी ते पाकिटात जपून ठेवलेली पाचशेची नोट घेऊन आले. एका गृहस्थाने ती त्यांना अठरा हजारांत देऊ केली होती. दोन हजार रुपये विसार म्हणून दिलेही होते. नातवाच्या शिक्षणासाठी चार वर्षांनी ती विकायची, लाखभर तरी येतील, असा त्यांचा हिशेब.

"बघा, गांधीजीच नाहीत!" मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज अगदी खाली आला होता.

मी नोट टेबलावर ठेवली आणि म्हटले, "मास्तर, गांधीजी नाहीत हे खरे. पण उजवीकडचा अशोकस्तंभ आहे ना?"

"आहे की."

"आणि कडेच्या या पाच तिरप्या रेघा?"

"त्याही आहेत."

"मग गांधीजी एकटेच कसे गेले?"

पाचशेच्या नोटेवर चित्र, अशोकस्तंभ, कडेच्या रेघा आणि उजवीकडची वर्तुळातली खूण या सगळ्या गोष्टी एकाच उठावाच्या छपाईत होतात. ती छपाई चुकली तर सगळीच मंडळी गैरहजर राहतील. मध्ये कागदाचा कपटा आला असेल, तर त्या कपट्याच्या आकाराची, सरळ कडेची कोरी जागा राहील. शाई कमी पडली असेल, तर चित्र हळूहळू फिकट होत जाईल. पण चष्म्यापासून खांद्यापर्यंत बेताने तेवढाच चेहरा नाहीसा व्हावा आणि भोवतालच्या नक्षीला धक्का लागू नये, इतका सभ्यपणा यंत्राला येत नाही. ते काम माणसाचे.

मी दिवा बाजूने, टेबलाच्या पातळीवर धरला. चित्राच्या जागी कागदाचे तंतू उभे राहिलेले दिसले, जसे सुती कापड घासल्यावर दिसतात. मग नोट उलटी करून मास्तरांचे बोट पाठीवरून फिरवले. चेहऱ्याचा दाब पाठीमागे अजून जाणवत होता! शाई खरवडता येते किंवा औषधाने काढता येते. कागदाला बसलेला तो दाब सहजी जात नाही. क्वचित पत्र्याला शाई न लागता नुसता दाब उमटतो हे खरे, पण तेव्हा कागदाचा पृष्ठभाग अगदी अभंग आणि नितळ असतो.

शेवटी जांभळ्या किरणांचा दिवा लावला. नोटांचा कागद या दिव्याखाली उजळत नाही. घरातल्या साध्या पांढऱ्या कागदात चकाकी आणणारी द्रव्ये असतात, त्यामुळे तो निळसर पेटल्यासारखा दिसतो. नोटेत उजळावेत ते फक्त क्रमांक, धागा आणि कागदात विखुरलेले बारीक तंतू. मास्तरांच्या नोटेवर चित्राच्या जागी मात्र एक मळकट पिवळा डाग झळकत होता. औषधाची ती खूण होती.

मास्तर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे विसाराचे दोन हजार गेलेच म्हणायचे." ते गेलेच, तो गृहस्थ पुन्हा फोन उचलीना. पण सोळा हजार वाचले. आणि त्याहून वाईट गोष्ट टळली, ती अशी. खोटा हक्क सांगण्यासाठी मुद्दाम कापलेली, खोडलेली किंवा बदललेली नोट बँक नाकारू शकते. म्हणजे अठरा हजार देऊन घेतलेल्या त्या नोटेचे मूळचे पाचशेही कदाचित मिळाले नसते.

रंग बदललेल्या आणि ताऱ्याच्या नोटा

रंगाच्या नोटांविषयी दोन शब्द. हिरवी निळी झाली, जांभळी गुलाबी झाली, म्हणून कोणी नोट घेऊन आले की मी प्रथम विचारतो, "धुतली होती का?" साबण, सोडा, कपडे पांढरे करणारे पाणी यांनी रंग सहज पालटतात. यंत्रात एखादा रंग राहून गेला तर तो रंग सगळ्या नोटेवरून एकसारखा जातो आणि बाकीचे रंग ताजेतवाने राहतात. औषधाने घालवलेला रंग कडेला ढग ढग दिसतो, घडीच्या रेघांत टिकून राहतो आणि दोन्ही बाजूंना परिणाम करतो. रंग बदललेली नोट शक्य तो विकत घेऊच नये.

ताऱ्याच्या नोटेचे उलटे. क्रमांकात अक्षरे आणि आकडे यांच्यामध्ये छोटा तारा दिसला की काही लोक ती खोटी म्हणून परत करतात, तर काही दुर्मिळ म्हणून जपून ठेवतात. दोघांचाही समज चुकीचा. छापताना बिघडलेल्या नोटेच्या जागी शंभराच्या पुडक्यात जी बदली नोट घालतात, तिच्यावर तारा असतो. ही पद्धत २००६ पासून आली. ती नोट पूर्णपणे कायदेशीर आहे, असे रिझर्व्ह बँकेने जुलै २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. ज्या चुकलेल्या नोटेची ती बदली आहे, ती बिचारी छापखान्यातच नष्ट झालेली असते.

७८६ किंवा ओळीने एकच आकडा असलेल्या नोटांचेही असेच. त्यांत चूक काहीच नाही. हौशी मनुष्य हौसेचे मोल देतो, एवढेच. पण हौस आहे म्हणूनच आकडे खोडून ७८६ करणारेही आहेत, हे ध्यानात असू द्यावे.

खऱ्या नोटेवरचा अन्याय

फसवणुकीची जशी एक बाजू आहे तशी दुसरीही आहे, आणि ती मला अधिक बोचते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना एका घरून पगारात शंभराची एक नोट मिळाली होती. तिच्या कोपऱ्याला त्रिकोणी जादा कागद होता. किराणावाल्याने ती घेतली नाही, भाजीवालीने घेतली नाही, रिक्षावाल्याने तर "खोटी नोट चालवता का?" म्हणून चारचौघांत सुनावले. दोन आठवडे ती नोट त्यांनी डब्याच्या तळाशी ठेवली होती. जिने दिली तिला परत द्यायची तर काम जाण्याची भीती.

मी कोपरा दुमडला. कड सुतासारखी सरळ आली. जलचिन्ह ठीक, धागा ठीक, क्रमांक दोन्हीकडे सारखे. नोट शंभर टक्के खरी होती आणि चूकही शंभर टक्के खरी. "बाई, ही खोटी नाही," मी सांगितले, "हिला शंभराहून जास्त किंमत आहे. कोपरा मात्र कापू नका, नाहीतर ती शंभराचीच राहील." त्यांचा विश्वास बसेना. पुढे एका संग्राहकाने त्यांना तिचे पंधराशे रुपये दिले. त्यांना आनंद पंधराशेचा झालाच, पण त्या रिक्षावाल्याला ही हकीकत कशी कळवता येईल, हे त्यांनी मला दोनदा विचारले.

म्हणून वाचकांना माझे सांगणे इतकेच. विचित्र नोट हाती आली तर तिला खोटी ठरवण्याची घाई करू नये आणि सोन्याची ठरवण्याचीही करू नये. ती सपाट ठेवावी. धुऊ नये, इस्त्री करू नये, चिकटपट्टी लावू नये. उजेडात जलचिन्ह व धागा पाहावा, नखाने उठाव पाहावा, पट्टीने माप घ्यावे, भिंगाने क्रमांक वाचावा. बनावट असल्याचा खरोखर संशय असेल तर ती बँकेत द्यावी. बनावट ठरली तर तिच्यावर तसा शिक्का मारून ती ठेवून घेतात आणि पावती देतात; पैसे परत मिळत नाहीत. पण जाणूनबुजून ती दुसऱ्याच्या गळ्यात मारणे हा गुन्हा आहे, हे ध्यानात ठेवावे. नोट खरी पण नुसती फाटलेली असेल तर बँकेतून बदलून मिळते. पन्नास व त्यावरील नोटेचा ऐंशी टक्क्यांहून मोठा सलग तुकडा असला तर पूर्ण रक्कम, चाळीस ते ऐंशी टक्के असला तर निम्मी, असा सध्याचा नियम आहे.

आणि कोणी अमूल्य नोट विकायला आलाच, तर त्याला एकच प्रश्न विचारावा: "ही चूक छापखान्यात कोणत्या पायरीवर झाली?" जाणकार मनुष्य खुर्ची ओढून तासभर सांगत बसतो. लबाडाला मात्र एकाएकी दुसरे काम आठवते.